चहाच्या सुट्टीतली परिषद

हॅरिसन ओवेन या अमेरिकन सल्लागाराने १९८३ साली २५० जणांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. तयारीत अख्खं वर्ष गेलं. वक्ते, विषय, जेवणखाण, उतरायची सोय, कशातच कसर राहिली नाही. परिषद संपल्यावर सगळ्यांचं, खुद्द ओवेन यांचंही, एका गोष्टीवर एकमत झालं: खरा उपयोग झाला तो कॉफीच्या सुट्टीचा. म्हणजे नेमका त्याच भागाचा, ज्यासाठी त्यांनी काडीचीही मेहनत घेतली नव्हती.

दोन वर्षांनी त्यांनी त्या सुट्टीचीच परिषद केली. लायबेरियातल्या बलामा नावाच्या खेड्यात त्यांनी पूर्वी एक चार दिवसांचा सोहळा पाहिला होता. आयोजन समिती नाही, कार्यक्रमपत्रिका नाही, तरी सगळं सुरळीत. तोच धागा धरून १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे ८५ माणसं गोल करून बसली. ज्याला जे बोलायचं होतं, त्याने तो विषय कागदावर लिहून भिंतीवर डकवला. तासाभराच्या आत पुढच्या तीन दिवसांचा कार्यक्रम ठरून मोकळा. या पद्धतीला ‘ओपन स्पेस’ म्हणतात. तिचा एक नियम फार लाडका आहे: जिथे आपल्याला काही मिळत नाही आणि आपण काही देतही नाही, तिथून उठायचं आणि दुसऱ्या घोळक्यात जायचं. ‘दोन पायांचा नियम’ हे त्याचं नाव. आपल्याकडे पाहुणे बोलत असताना पहिल्या रांगेतून कुणी उठून बघावं!

पुढे संगणकवाल्यांनी ही कल्पना उचलली. संगणकाच्या पुस्तकांचे प्रकाशक टिम ओ’रायली यांच्या ‘फू कॅम्प’ या मेळाव्याला फक्त निमंत्रितांना प्रवेश होता. निमंत्रण नसलेल्या काहींनी ऑगस्ट २००५ मध्ये पालो आल्टोत आपला वेगळा मेळावा मांडला आणि नाव ठेवलं ‘बारकॅम्प’. ‘फू’ आणि ‘बार’ ही प्रोग्रॅमरांची जोडनावं, आपल्या ‘अमुक’ आणि ‘तमुक’सारखी. आठवडाभराच्या आत सगळी जुळवाजुळव झाली. ही लाट पुण्यातही आली. मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत बारकॅम्प भरले. लंडनमध्ये सॉल क्लाइन यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘ओपन कॉफी क्लब’ची पुणेरी शाखाही लवकरच निघाली. नवा धंदा करणाऱ्यांनी ठरल्या दिवशी एकत्र जमून बोलायचं, एवढंच तिचं सूत्र.

मोठ्या परिषदांनाही चहाकॉफीच्या सुट्टीचं महत्त्व उमगलं आहे. अमेरिकेतल्या ऑस्टिनचा ‘साउथ बाय साउथवेस्ट’ महोत्सव १९८७ मध्ये सुरू झाला तो गावातल्या संगीतवाल्यांसाठी. दीडशे लोक येतील असा अंदाज होता, सातशे आले. पुढे त्यात चित्रपट आणि संगणकक्षेत्र आलं. २००७ मध्ये ट्विटरने तिथे मोठाले पडदे लावले, पण सभागृहात नव्हे, तर बाहेरच्या मार्गिकांत. येणारेजाणारे त्यावर आपलेच संदेश वाचत थबकू लागले. त्या दिवसांत रोजच्या ट्वीटचा आकडा २० हजारांवरून ६० हजारांवर गेला.

आपल्याकडच्या उद्योजक मेळाव्यात दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि प्रमुख पाहुण्यांचा परिचय यांतच पहिला तास जातो. त्यामुळे ओवेन यांचं म्हणणं चटकन पटतं. पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. चहाच्या सुट्टीत फावतं ते बोलक्यांचं. ज्याची इंग्रजी सफाईदार, ज्याच्या कॉलेजातले चार मित्र आधीच तिथे आहेत, तो दहा मिनिटांत दहा व्हिजिटिंग कार्डं वाटतो. मसाल्याचा छोटा कारखाना चालवणारी बाई किंवा नुकती नोकरी सोडलेला चित्रकार मात्र कप हातात धरून खांबाशी उभा राहतो. मोकळीक सर्वांना सारखी दिली, तरी ती सर्वांना सारखी वापरता येत नाही.

मराठी उद्योजकांच्या ‘सॅटर्डे क्लब’ने यावर मराठमोळा उपाय काढला. रेल्वेत अभियंता म्हणून काम केलेले माधवराव भिडे हे या क्लबचे संस्थापक. इथे कारभार मराठीत, आणि एकमेकांना कामाचे संदर्भ देणं हा बैठकीचा मुख्य भाग. कुणाला गिऱ्हाईक हवंय, कुणाच्या ओळखीत ते आहे, हे सगळ्यांसमोर बोललं जातं. चहाच्या टेबलापाशी नशिबावर सोडलं जात नाही. क्लबचं ब्रीदवाक्यही धीट आहे. तुकोबांच्या ‘एकमेकां साह्य करू, अवघे धरू सुपंथ’ या ओळीतला ‘सुपंथ’ काढून त्यांनी तिथे सरळ ‘श्रीमंत’ बसवला.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत कॉफमन फाउंडेशनने २०१२ मध्ये सुरू केलेला ‘वन मिलियन कप्स’ हा उपक्रमही याच अडचणीला हात घालतो. नावात कॉफीचे दहा लाख पेले आहेत, पण शिस्त घड्याळाची. दर बुधवारी सकाळी नऊ वाजता एकदोन नवे उद्योजक उभे राहतात. प्रत्येकाला बोलायला सहा मिनिटं, आणि त्यानंतर श्रोत्यांच्या प्रश्नांना वीस. म्हणजे बोलण्यापेक्षा ऐकण्याचा वेळ तिपटीहून जास्त. इथे बक्षीस नाही, परीक्षक नाहीत. शेवटचा प्रश्न मात्र ठरलेला असतो: आम्ही गावकरी तुमच्यासाठी काय करू शकतो? कुणाला हिशेबनीस हवा असतो, कुणाला जागा, कुणाला पहिलं गिऱ्हाईक. उत्तर द्यायला श्रोत्यांतून हात वर होतात, आणि दहा वाजता मंडळी आपापलं दुकान उघडायला निघतात.