जलाशयावरचे कारभारी: नंदुरबारच्या मच्छीमार संस्थांची संचालक मंडळे

सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यात महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. त्यातली ९ अक्कलकुवा तालुक्यातली आणि २४ धडगाव म्हणजे अक्राणी तालुक्यातली. मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी, निमगव्हाण ही नावे पुनर्वसनाच्या लढ्यामुळे राज्याला माहीत झाली. नर्मदेकाठची सपाट, कसदार जमीन पाण्याखाली गेली. जी भिल्ल आणि पावरा कुटुंबे वरच्या डोंगरउतारावर राहिली, त्यांच्यासमोर शेताऐवजी खोल, रुंद जलाशय उरला. त्यातली मासळी हे उपजीविकेचे साधन व्हावे, म्हणून विस्थापितांच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था उभ्या राहिल्या. त्यांचा कारभार संचालक मंडळ पाहते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार हे मंडळ सभासद निवडून देतात. मुदत पाच वर्षांची आणि संचालकांची कमाल संख्या २१. मंडळावर महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि विमुक्त-भटक्या जमाती किंवा विशेष मागासप्रवर्ग यांसाठी प्रत्येकी एक जागा राखीव असते. मंडळ आपल्यातून चेअरमन निवडते, रोजचे दप्तर सचिव सांभाळतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि हिशेब तपासून तिच्यापुढे ठेवावे लागतात.

या कायद्यातली एक तरतूद मच्छीमार संस्थांच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे. संस्थेच्या कामाशी संबंधित विषयाचा अनुभव असलेल्या दोन व्यक्तींना तज्ज्ञ संचालक म्हणून घेता येते. त्यांना पदाधिकारी होता येत नाही आणि पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीत मतही नसते. पण चर्चेत त्यांचा शब्द राहतो. मत्स्यशास्त्राचा अभ्यासक मंडळात बसवण्याची ही कायदेशीर वाट आहे. लहान संस्थांनी ती जरूर वापरावी, कारण जलाशयाची मासेमारी अंदाजावर चालत नाही.

देशात ५,००० हेक्टरांपेक्षा मोठा जलाशय ‘मोठा’ गणला जातो. सरदार सरोवराचा विस्तार सुमारे ३७,००० हेक्टर आणि लांबी सुमारे २१४ किलोमीटर आहे. त्याची पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर असून ती प्रथम सप्टेंबर २०१९ मध्ये गाठली गेली. वापरासाठीची किमान पातळी ११०.६४ मीटर ठरलेली आहे. म्हणजे पाणी २८ मीटर खाली-वर होऊ शकते. पाणी उतरले की काठ दूर जातो, बुडालेली झाडे उघडी पडतात, जाळी त्यांत अडकून फाटतात. पाणी चढले की तेवढेच मासे कितीतरी मोठ्या जागेत पांगतात आणि जाळे हलके येते. अशा वेळी ‘मासे कमी झाले’ असा निष्कर्ष घाईचा ठरतो. पकडीच्या आकड्याशेजारी त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहिलेली असेल, तरच मंडळाला खरे कारण कळते.

मासळीचीही अशीच गोष्ट आहे. कटला, रोहू, मृगळ हे मासे पावसाळ्यात पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. थांबलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही. म्हणून जलाशयात मत्स्यबीज सोडावे लागते. ते फार लहान असेल तर शिकारी मासे खाऊन टाकतात. शंभर मिलिमीटरच्या आसपास वाढलेली बोटुकली सोडावी, असे शास्त्रज्ञ सांगतात. ती महाग पडते आणि डोंगरातल्या रस्त्यांवरून जिवंत पोहोचवणे अवघड असते. स्वस्त, बारीक बीज जास्त घ्यायचे की मोठे, थोडे घ्यायचे, हा निर्णय मंडळाचा असतो आणि पुढच्या दोन वर्षांची कमाई त्यावर ठरते.

नर्मदेचा महशीर हा वेगळाच प्रश्न आहे. त्याला खडकाळ तळाचे, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. धरणाने नदीचा असा पट्टा बुडवला. त्यामुळे उदईसारख्या उपनद्या जिथे जलाशयाला मिळतात, ती मुखे जपण्याजोगी ठरतात. पावसाळ्यात अशा मुखांवर जाळी लावू नयेत, हा नियम गावच करू शकते आणि गावच पाळू शकते. कोणत्या ओढ्यात कोणता मासा कधी चढायचा, हे नदीकाठी वाढलेल्या वडीलधाऱ्या माणसांना ठाऊक आहे. ते लिहून घेणे हे संशोधनच होय, आणि ती माणसे आहेत तोवरच ते होऊ शकते.

पकडीची नोंदवही साधी असली तरी चालते: तारीख, जागा, जाळ्याचा आस (म्हणजे छिद्राचा आकार), किती जाळी किती वेळ टाकली, माशाची जात, लांबी, वजन. जाळ्याचा आस बारीक असला की वीण न झालेले मासे अडकतात. लांबीच्या नोंदी वर्षभर ठेवल्या तर ते आकड्यांत दिसते आणि आस मोठा करण्याचा ठराव सभासदांना पटवणे सोपे जाते. मासळी निवडणे, सुकवणे, धडगाव-मोलगीच्या बाजारात विकणे या कामांत बायकांचा हात असेल तिथे कोणत्या जातीला काय भाव मिळतो, हे त्या नेमके सांगू शकतात. मंडळातल्या दोन राखीव जागा सहीपुरत्या ठेवल्या, तर ही माहिती ठरावापर्यंत पोहोचत नाही.

शास्त्रीय मदत फार लांब नाही. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेचे केंद्र वडोदऱ्याला आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था मुंबईत आहे. राज्याचे लक्ष मात्र बहुतेक किनाऱ्याकडे असते. २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून पापलेटची निवड झाली. समुद्र नसलेल्या जिल्ह्यांतील मासेमारीला तेवढे लक्ष अजून मिळायचे आहे.

केवळ अभ्यासाचे काम करणारी वेगळी संस्था काढायची असेल, तर सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात जण लागतात आणि सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करावी लागते. विश्वस्त बदलले की बदल अर्ज ९० दिवसांत द्यावा लागतो. अशा संस्थेच्या विश्वस्तांत मच्छीमारच नसतील, तर तिच्या नोंदी गावाच्या उपयोगी पडण्याची शक्यता कमी.

हक्काचा आधार वनहक्क कायदा, २००६ देतो. त्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये पाणवठ्यांतील मासळीवरचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. पेसा कायदा, १९९६ ने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलस्रोतांचे नियोजन पंचायतींकडे सोपवले. मोठ्या धरणांत मात्र मासेमारीचा हक्क टिकवणे कठीण, हे नर्मदेच्याच खोऱ्यात मध्य प्रदेशातील तवा जलाशयाने दाखवले. किसान आदिवासी संघटनेच्या लढ्यानंतर १९९६ मध्ये विस्थापितांच्या तवा मत्स्य संघाला ठेका मिळाला. संघाने बीज सोडले, विक्री संघटित केली, पावसाळी बंदी पाळली. तरीही डिसेंबर २००६ मध्ये मुदत संपल्यावर व्याघ्र प्रकल्पाच्या कारणाने ठेका पुढे चालू राहिला नाही.

सरदार सरोवराचे पाणी तीन राज्यांत पसरले आहे. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, पण पलीकडच्या काठावर विणीला निघालेला मासा राज्याची सीमा ओळखत नाही. नंदुरबारच्या संचालक मंडळांना बंदीचे दिवस, जाळ्याचा आस आणि बीज यांबाबत अलीराजपूर, बडवानी आणि गुजरातेतील संस्थांशी एकत्र बसून ठरवावे लागेल, आणि तिथे प्रत्येकाला आपल्या नोंदवह्या समोर ठेवाव्या लागतील.