विश्लेषण : माळ्यावरच्या जुन्या संगणकातील फ्लॉपी, हार्ड डिस्क पुन्हा वाचता येते का?

दिवाळीची साफसफाई निघाली की पिंप्राळ्यासारख्या जळगावच्या जुन्या वस्तीत माळ्यावरून पितळी भांड्यांबरोबर कधी कधी नव्वदच्या दशकातला संगणकही खाली येतो. बटण दाबले की पडद्यावर इंग्रजीत एखादी चूक दिसते, किंवा काहीच दिसत नाही. ‘डिस्क गेली’ असे म्हणून तो भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो. त्याच्यासोबत छापखान्याची जुळणी, विकास सोसायटीचा हिशेब, कुणाचा प्रबंध किंवा जमवलेली अहिराणी गाणीही जाऊ शकतात. प्रत्यक्षात अशा अनेक संगणकांत डिस्क शाबूत असते, बिघाड भोवतालच्या स्वस्त भागांत असतो. खरे नुकसान अनेकदा घाईने केलेल्या पहिल्या प्रयत्नातच होते.

लगेच वीज का जोडू नये?

वीस-पंचवीस वर्षे बंद असलेल्या यंत्राला थेट २३० व्होल्ट देणे धोक्याचे असते. वीजपुरवठ्याच्या डब्यातील, म्हणजे एसएमपीएसमधील, जुने कपॅसिटर सुकलेले किंवा तडकलेले असतात. काही जुन्या यंत्रांत ते सुरू करताच फुटून धूर निघतो. भारतातील शाळांत १९८४-८५ पासून ‘क्लास’ या सरकारी उपक्रमातून आलेले बीबीसी मायक्रो संगणक या दोषासाठी आजही ओळखले जातात.

त्यामुळे आधी प्लग काढलेला ठेवून झाकण उघडावे. धूळ ब्रशने झटकावी आणि मदरबोर्डवरची बॅटरी पाहावी. ३८६ आणि ४८६ काळातील अनेक बोर्डांवर निळ्या किंवा हिरव्या वेष्टनाची गोल निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळली की भोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. हा द्रव तांब्याच्या रेषा खात जातो. बॅटरी काढून ती जागा थोड्या व्हिनेगरने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. मग ड्राइव्हच्या वायरी सोडवून एसएमपीएस थोडा भार देऊन वेगळा तपासावा. लाल वायरीवर ५ आणि पिवळ्या वायरीवर १२ व्होल्ट मिळायला हवेत. एसएमपीएसचा डबा मात्र जाणकारानेच उघडावा. प्लग काढल्यावरही आत काही काळ घातक विद्युतभार राहतो.

हार्ड डिस्क ‘सापडत नाही’ म्हणजे ती गेली का?

बहुतेकदा नाही. जुन्या संगणकाला हार्ड डिस्कचे मोजमाप, म्हणजे सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांची संख्या, सेटअपमध्ये भरून द्यावी लागत असे. ही नोंद त्याच छोट्या बॅटरीवर टिकते. बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि डिस्कची नोंद पुसली जाते. संगणक मग ‘डिस्क नाही’ असे सांगतो. डिस्कवरच्या लेबलवर हे आकडे बहुधा छापलेले असतात. ते सेटअपमध्ये भरले किंवा स्वयंचलित शोधाचा पर्याय निवडला की अनेक ‘मेलेल्या’ डिस्क उठून बसतात. या टप्प्यावर पडद्यावर फॉरमॅट करण्याची सूचना आली, तरी ती कधीही मान्य करू नये.

डिस्क फिरतच नसेल तर कानाचा उपयोग होतो. मोटर गुणगुणते पण तबकडी हलत नाही, याचा अर्थ वाचणारे हेड तबकडीला चिकटले असावे. डिस्क हातात आडवी धरून तबकडीच्या प्रतलात मनगटाने एक छोटा झटका दिल्यास ती कधी कधी सुटते. टकटक असा ठोका नियमित ऐकू आला तर मात्र लगेच वीज बंद करावी. झाकण उघडून पाहण्याचा मोह टाळावा. हेड तबकडीपासून केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी कमी अंतरावर तरंगते. तिथे धुळीचा एक कणही खडकासारखा असतो.

फ्लॉपी ड्राइव्हचे नेहमीचे बिघाड कोणते?

ड्राइव्हचा दिवा सतत पेटून राहिला तर पट्टीसारखी केबल उलटी बसली आहे. केबलची लाल कडा एक क्रमांकाच्या पिनेकडे हवी. केबलमध्ये पीळ दिलेला असतो. पिळानंतरच्या टोकाला जोडलेला ड्राइव्ह ‘ए’, आधीचा ‘बी’. फ्लॉपी बदलूनही आधीच्याच फ्लॉपीची यादी दिसत असेल, तर फ्लॉपी बदलल्याचा इशारा संगणकापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी केबल किंवा ड्राइव्हमधला संवेदक तपासावा. हा दोष असताना फ्लॉपीवर काही लिहिले, तर दुसऱ्या फ्लॉपीची यादी तिच्यावर चढून मजकूर नष्ट होऊ शकतो.

यादी दिसते पण फाइल उघडत नाही, याची दोन नेहमीची कारणे आहेत. एक म्हणजे मळलेले हेड. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते हलक्या हाताने पुसावे. वरचे हेड उचलताना जोर लावला तर त्याची जागा बिघडते. दुसरे कारण सुकलेले ग्रीस. हेड ज्या दांड्यावर सरकते तो चिकट झाला की हेड योग्य पट्ट्यावर पोहोचत नाही. जुने ग्रीस पुसून हलके तेल लावले की काम भागते. सव्वापाच इंची काही जुन्या ड्राइव्हमध्ये रबरी पट्टा असतो. तो ताणला गेला की वेग चुकतो.

खानदेशच्या हवामानाचा वाटा कोणता?

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. मग पावसाळ्यातील दमट हवेत फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते. म्हणून फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिचा धातूचा दरवाजा सरकवून चकती उजेडात पाहावी. डाग दिसले तर ती बाजूला ठेवावी. बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या फ्लॉपीवर ओरखडा ओढते. फ्लॉपी तपासण्यापूर्वी तिची लेखनबंद खिडकीही उघडी करावी.

आधी दुरुस्ती की आधी प्रत?

आधी प्रत. साडेतीन इंची, १.४४ एमबी फ्लॉपीवर एका बाजूला ८० पट्टे असतात आणि एका इंचात १३५ पट्टे बसतील इतके ते दाट असतात. ज्या ड्राइव्हचे हेड किंचित सरकलेले होते, त्यावर लिहिलेली फ्लॉपी कधी कधी फक्त त्याच ड्राइव्हवर वाचता येते. म्हणूनच जुना ड्राइव्ह फेकणे म्हणजे कुलूप ठेवून किल्ली टाकणे.

साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबी ड्राइव्ह मिळतो. सव्वापाच इंची किंवा खराब फ्लॉपीसाठी जुना ड्राइव्ह ‘ग्रीसवीझल’ वा ‘क्रायोफ्लक्स’सारख्या छोट्या सर्किटला जोडतात. ते चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपते. आयडीई हार्ड डिस्क यूएसबी अडॅप्टरने नव्या संगणकाला जोडून ‘डीडीरेस्क्यू’ या मोफत प्रणालीने प्रत घेता येते. ती आधी चांगला भाग उचलते आणि खराब भागाकडे शेवटी वळते. त्याआधीच्या एमएफएम प्रकारच्या डिस्क या अडॅप्टरला जोडता येत नाहीत. त्या त्यांच्याच मूळ कार्डासह वाचाव्या लागतात. प्रत हाती आली की मग यंत्र चालते करण्यासाठी फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेनड्राइव्ह घेणारा ‘गोटेक’ बसवला तरी चालतो.

मराठी मजकुराची वेगळी अडचण काय?

फाइल वाचली गेली तरी पडद्यावर अगम्य इंग्रजी चिन्हे दिसू शकतात. फाइल बिघडलेली नसते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण छापखान्यांत ते खूप उशिरा पोहोचले. तोवर प्रत्येक कंपनीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’ कार्डाने डॉसवर देवनागरी आणली, ती ‘इस्की’ या भारतीय मानकानुसार. म्हणून फाइलसोबत त्या संगणकातील फॉन्ट, अक्षरजुळणीची प्रणाली आणि प्रिंटर पोर्टला लावलेले ‘लॉक’ही जपावे. फॉन्टचे नाव कळले की परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो.

याचे मोल जळगावला वेगळे सांगायला नको. बहिणाबाई चौधरींच्या कविता घरच्यांनी वेळीच वहीत उतरवल्या, म्हणून १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या.

आणखी किती वेळ हाती आहे?

सोनीने जपानमध्ये फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्ये थांबवली. जपान सरकारने कागदपत्रांसाठी फ्लॉपीची सक्ती करणारे नियम २०२४ मध्ये हटवले. सॅन फ्रान्सिस्कोतील रेल्वे नियंत्रणाची १९९८ पासूनची यंत्रणा सव्वापाच इंची फ्लॉपीवर चालत आली आणि ती बदलण्याचा करार २०२४ मध्ये झाला. नवे ड्राइव्ह कुणी बनवत नाही. जुन्यांचे सुटे भाग जुन्याच यंत्रांतून काढावे लागतात.

त्यामुळे यंदा माळा आवरताना संगणक, ड्राइव्ह आणि फ्लॉपीचा डबा एकत्र ठेवावा, डब्यावर नाव-साल लिहावे आणि प्रत होईपर्यंत काहीही विकू नये. प्रत तपासून झाल्यावर हार्ड डिस्क पुसून उरलेले यंत्र नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावे. भंगारात किलोवर गेलेल्या डिस्कसोबत घरचा हिशेब आणि खासगी कागदपत्रेही परक्याच्या हाती जातात.