माळ्यावरचे रंगीत पेले : खरेच जुने की नुसतेच जुनाट?

घर बदलायचे ठरले की माळा रिकामा करावा लागतो. बंगळुरूच्या यशवंतपूर भागात जुनी बैठी घरे जाऊन मजली इमारती उभ्या राहत आहेत. तेथील मराठी घरांतही मग वर्तमानपत्रात गुंडाळलेले निळे, जांभळे, गुलाबी काचेचे पेले हाती लागतात. सासूबाई म्हणतात, "आजेसासऱ्यांच्या वेळचे आहेत." सूनबाईंना ती अडगळ वाटते. ते भंगारवाल्याला द्यावेत की कपाटात मांडावेत? हे ठरवण्यापूर्वी पेला नीट न्याहाळायला हवा.

आधी तळ पाहा

पेला उलटा धरा. फुंकून घडवलेल्या पेल्याच्या तळाशी मधोमध बहुधा लोखंडी सळईपासून तोडल्याचा खरखरीत व्रण असतो. तो घासून काढला असेल, तर तेथे गुळगुळीत खळगा दिसतो. साच्यात दाबून केलेल्या पेल्याच्या अंगावर मात्र बारीक उभी शिवण बोटाला जाणवते. हे दाबकाचेचे तंत्र अमेरिकेत १८२० च्या दशकात रुळले. म्हणून असा पेला 'दोनशे-अडीचशे वर्षांचा' म्हणून कोणी विकू लागला, तर सावध व्हा.

केवळ व्रणावरून वय ठरवू नका, कारण काच आजही फुंकली जाते. वापराने झिजलेल्या तळकडेवर सर्व दिशांना आडवेतिडवे बारीक ओरखडे असतात. ते सारे एकाच दिशेने असतील, तर कागदाने घासल्याची शंका घ्यावी.

रंग काय सांगतो?

निळा रंग कोबाल्टमुळे येतो, जांभळा मँगनीजमुळे, तर माणकासारखा लाल सोन्याच्या सूक्ष्म अंशामुळे. पिवळट हिरव्या काचेत युरेनियम असू शकते. बोहेमियात १८३० च्या दशकात अशी काच लोकप्रिय झाली. नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली ती हिरवीगार चमकते. मात्र कोबाल्टचा निळा रंग पूर्वीही होता आणि आजही आहे. त्यामुळे नुसत्या रंगावरून साल सांगता येत नाही.

अक्षरे आणि खुणा

'मेड इन चेकोस्लोव्हाकिया' असे लिहिलेला पेला १९१८ पूर्वीचा असूच शकत नाही, कारण तो देशच त्या वर्षी जन्मला. १९९२ अखेर तो विभागला गेला. इंग्लंडमध्ये नोंदवलेल्या नमुन्यांवर १८४२ ते १८८३ या काळात चौकटच्या आकाराची खूण असे. १८८४ पासून तिच्या जागी नोंदणी क्रमांक आला.

आपल्याकडेही काचेचे कारखाने निघाले. लोकांकडून एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे कारखाना सुरू झाला. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कारखाना काढला. कराडजवळची ओगलेवाडी आणि 'प्रभाकर' कंदील आजही अनेकांना आठवतात. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सने तेलाच्या तवंगासारखी सप्तरंगी झाक असलेले पेले बनवले. काहींवर 'जैन' ही अक्षरे इंग्रजीत उठवलेली आढळतात. ते विसाव्या शतकातले असले तरी हौशी संग्राहक ते आवडीने जमवतात.

जपताना

जुन्या काचेत किंवा तिच्यावरील रंगकामात शिसे असू शकते. असे पेले शोभेलाच ठेवावेत. त्यांत लिंबाचे सरबत किंवा कोकम तर मुळीच देऊ नये. धुताना कोमट पाणी, मऊ फडके आणि परातीत पसरलेला टॉवेल पुरे. उकळत्या पाण्याने काच तडकते. परदेशातील लेकीला पेला पाठवायचा असेल तर लक्षात ठेवा : १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. शंका असल्यास पुरातत्त्व खात्याकडून दाखला घ्यावा.

आणि एक काम आजच करा. हे पेले कोणी, कोठून, कोणत्या प्रसंगी आणले ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि चिठ्ठीवर लिहून पेल्यांसोबत ठेवा. ही माहिती कोणत्याही तळावर कोरलेली नसते. ती सांगणारे माणूस गेले, की पुढच्या पिढीच्या हाती नुसती काच उरते.