लॅमिंग्टन रोडवर स्पीकर ऐकताना

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात माणूस स्पीकर ऐकायला जातो आणि आधी बघत बसतो. खोक्याचा आकार, जाळीआडचा वूफर, लाकडाचा रंग, किमतीची चिठ्ठी. मग हळूच उचलून बघतो, ‘वजन आहे बरं का!’ दुकानदार तोवर गाणं शोधत असतो. म्हणजे पहिला सूर कानावर पडायच्या आतच निम्मा निकाल लागलेला असतो. यात कुणाची फसवाफसवी आहे, असं मला वाटत नाही. ऐकण्याचं काम शेवटी मेंदू करतो, आणि त्याच्याकडे डोळे, हात, कातडी सगळीकडून खबरा येत असतात. त्या वेगवेगळ्या ठेवायची त्याला सवयच नाही.

आवाज कुठून आला, एवढंच आधी घेऊ. गिरगावच्या मॅजेस्टिक थिएटरात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ लागला, आणि हिंदुस्थानातला पडदा बोलू लागला. खरं तर पडदा बोलत नव्हताच. आवाज यंत्रातून येत होता, पडद्यावर फक्त ओठ हलत होते. रामदास पाध्यांचा बोलका बाहुला अर्धवटराव याच भांडवलावर बोलतो. पाध्यांचे ओठ स्थिर, बाहुल्याचा जबडा हलता. बघणाऱ्याचा मेंदू आवाज उचलून त्या जबड्याला नेऊन चिकटवतो.

असं का होतं? एका बाजूने आलेला आवाज दोन कानांवर पोचण्यात जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी अंतर पडतं, आणि दिशा काढायची ती मुख्यतः त्या एवढ्याशा फरकावरून. डोळ्याला जागा नेमकी दिसते. दोन साक्षीदारांत ज्याची साक्ष नेमकी, त्याचं मेंदू ऐकतो. प्रयोगात चित्र मुद्दाम धूसर केलं, तेव्हा कानाचं वजन वाढलेलं दिसलं. वेळेच्या बाबतीत तर पारडं उलटंच फिरतं. एकदाच चमकलेल्या ठिपक्याबरोबर दोन टिकटिक ऐकवल्या, तर पुष्कळांना तो दोनदा चमकल्यासारखा दिसतो; हे २००० साली प्रसिद्ध झालं. दादरच्या शिवाजी मंदिरात एखाद्या नाटकाला बाजूचे स्पीकर लावलेले असले, तर मधेच डोळे मिटून बघा. इतका वेळ नटाच्या तोंडून येणारा संवाद सरकत सरकत स्पीकरकडे जातो.

आवाज चांगला की वाईट, हे ठरवतानाही डोळा गप्प बसत नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली ४० जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा उघड्यावर. ऐकणारे त्यांच्याच कंपनीतले. स्पीकर दिसत होते तेव्हा मोठ्या, महागड्या खोक्यांना चढे गुण मिळाले आणि छोटा स्वस्त संच खाली घसरला. पडदा आला तसं ते अंतर बरंचसं मिटलं. या लोकांना ‘तुम्ही खोटं बोललात’ असं म्हणता येणार नाही. त्यांना फरक ऐकू आलाच होता, फक्त तो कानातून आला नव्हता.

दुकानातली खरी मेख मात्र व्हॉल्यूममध्ये असते. दोन अँप (अँप्लिफायर) ऐकवताना एकाचा आवाज जेमतेम एक डेसिबल चढा ठेवला, तर ‘हा मोठा आहे’ असं गिऱ्हाइकाला सहसा जाणवत नाही. त्याला तो ‘मोकळा’ वाटतो, ‘गायक समोर आल्यासारखा’ वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं होतं, की आवाज हळू असताना खर्जातले सूर आपल्याला फारच कमी ऐकू येतात. व्हॉल्यूम वाढवला की ते बाकीच्यांपेक्षा भराभर वर येतात. तबला तोच, पण डग्गा एकदम भरीव होतो. जुन्या अँपवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण असायचं, ते हळू आवाजात खर्जाला टेकू द्यायला.

खर्ज वाढला की कातडीही ऐकायला लागते. साधारण १०० हर्ट्झच्या खालचा जोरकस आवाज छातीत, पोटात, पायांखालच्या फरशीत जाणवतो. लालबागला विसर्जनाच्या दिवशी ढोलपथक शेजारून गेलं की सदऱ्याचं कापड थरथरतं. त्याच ढोलांचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग घरी पुळचट वाटतं, ते यामुळेच. मोबाइलचा एवढासा स्पीकर तो खर्ज हलवणार कसा? पथकाशेजारी अंगाला मिळालेला वाटा इथे गायब असतो.

मग स्पीकर घ्यायचा कसा? दुकानदाराला आधी सांगावं, की दोन्हींचा आवाज सारखा करा. एकच सलग खरखर दोन्हींवर वाजवून, मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं अ‍ॅप बसायच्या जागी धरलं तर काम भागतं. अ‍ॅपचा आकडा अगदी बरोबर नसला तरी चालेल, दोन्हींकडे एकच आला पाहिजे. मग आपण पाठ फिरवून बसायचं आणि सोबत आलेल्या मित्राने न बोलता स्पीकर बदलत राहायचं. गाणं पाठ असलेलं घ्यावं, तुकडा थोडाच. आधीचा आवाज ताजा असतानाच पुढचा ऐकू आला पाहिजे. मित्र बोलघेवडा असेल तर त्याला चहाला पाठवून दुकानातल्या पोऱ्याला उभं करावं. सागवानी खोका दिसायला आवडला म्हणून घेतला तरी हरकत नाही, घरी रोज तो दिसणारच आहे. पण त्याचे पैसे आवाजाच्या खात्यात लिहू नयेत. किंमत बघायची ती पसंती सांगून झाल्यावर.