तोच मी, की दुसरा?

सेलूतले एक आजोबा नातवाच्या जात पडताळणीचे कागद घेऊन आमच्याकडे आले. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदीत जुने नाव, बाकी सगळीकडे नवे. धम्मदीक्षेनंतर कचऱ्या, धोंड्या अशी नावे आपल्या कित्येकांनी टाकली, त्यांतलेच हे. कागद जुळले नाहीत तर पोराचा प्रवेश जायचा. (१९९० पासून केंद्राच्या सवलती बौद्धांनाही आहेत, मूळ जात मात्र दाखवावीच लागते!) तेव्हा 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे शपथपत्र हवे होते.

आमची लेखणी अडली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बापाचा हात धरून याच माणसाने बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यांत एक नव्या जन्माची आहे. मग खरी शपथ कोणती?

मिलिंद राजाने भदंत नागसेनांना हेच विचारले होते. जन्मलेला माणूस तोच राहतो, की दुसरा होतो? नागसेनांनी रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टांत दिला. पहिल्या प्रहरीची ज्योत शेवटच्या प्रहरी तीच नसते, पण दिवा काही दुसरा नसतो. धम्म आत्मा मानत नाही, सातत्य मानतो.

आजोबांनी हे शांतपणे ऐकले. म्हणाले, "लिवा बाप्पा, मी तोच आहो. पण त्याच्यावानी वाकत नाही."

आणि खाली नव्या नावाने सही केली.