पाठीतले पाणी
मिरजेच्या एखाद्या इस्पितळाच्या ओसरीवर, तापाने फणफणलेल्या आणि मान ताठ झालेल्या पोराच्या संमतीपत्रावर सही करावी की न करावी या विवंचनेत बसलेला बाप, आणि ‘पाठीतलं पाणी काढलं की पोरगं पायानं अधू होतं’ असे त्याला परोपरीने बजावणारी आत्या, हे दृश्य सातारा-सांगलीकडे नवे नाही.

ज्या पाण्याचा हा धसका, ते मेंदू व मज्जारज्जू यांना वेढणाऱ्या तीन आवरणांच्या आतले. बाहेरची चिवट ती दृढतानिका, मधली कोळिष्टकासारखी ती जालतानिका, आणि मेंदूच्या वळ्यावळ्यांत शिरलेली ती मृदुतानिका. अरबी वैद्यांनी या पडद्यांना ‘आई’ म्हटले व लॅटिनने ते नाते जपले. आमच्या परिभाषाकारांनी ते का टाकले, याची मला हळहळ वाटते. ज्या घरी भेजा शिजतो तेथील गृहिणीला मात्र परिभाषा लागत नाही: हळदमिठाच्या पाण्यातून काढलेल्या भेज्यावरची लाल शिरांची तलम साल ती चिमटीने सोडवते, आणि जरा जोर झाला की सालीबरोबर भेजाही तुटून येतो.

मधल्या व आतल्या आवरणांमध्ये हे पाणी खेळते. एकूण सुमारे १५० मिलिलिटर, पण दिवसाकाठी ५०० मिलिलिटर नवे तयार होत असल्यामुळे तपासणीपुरते काढलेले चार-सहा मिलिलिटर तासाभराच्या आत भरून निघतात. आणि सुई? प्रौढाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, आवरणांची पिशवी मात्र खाली माकडहाडाच्या दिशेने उतरत जाते. सुई शिरते ती तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधून, लहानग्यांत आणखी एक घर खाली, जेथे पाण्यात सोडलेल्या सुतळीच्या धाग्यांसारख्या नसा सुईला वाट देतात. पाय लुळे पडतात ते बहुधा दुखण्याने. बदनामी सुईची होते.

जर्मन डॉक्टर क्विंके यांनी १८९१ साली ही सुई रूढ केली, आणि तीनच वर्षांनी मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांचे इस्पितळ मिरजेत उभे राहिले. पुढे वॉन्लेसवाडीस क्षयाचे आरोग्यधाम झाले. मात्र स्ट्रेप्टोमायसिन हे औषध हाती येईपर्यंत, क्षय आवरणांत उतरला म्हणजे सुई केवळ रोगाचे नाव सांगे. पू झाला असेल तर पाणी तांदळाच्या धुवणासारखे गढूळ निघे. क्षयात ते बहुधा शहाळ्याच्या पाण्यासारखे नितळ दिसे, पण नळी रात्रभर उभी ठेवली की सकाळी तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी एक साय धरलेली आढळे.