गंक म्हणजे आपलं किटण



मागच्या आठवड्यात शिलाई गटातल्या एका ताईंनी विचारलं, "मशीन जाम झालं म्हणून मोबाईलवर इंग्रजी व्हिडिओ बघितला. तो माणूस सारखा 'गंक काढा, गंक काढा' म्हणतोय. मशीनमध्ये हा गंक असतो तरी कुठे?" शाळेच्या गणवेशांची ऑर्डर अंगावर, आणि ताई गंक नावाचा सुटा भाग शोधत बसलेल्या!

ताई, गंक हा भाग नाही, घाण आहे. बोलीतला इंग्रजी शब्द. चिकट, बुळबुळीत पदार्थ असा त्याचा अर्थ सांगतात. पण त्यावरून मोरीतलं शेवाळ डोळ्यापुढे येतं. आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे, किटण. तेलाच्या बरणीच्या बुडाशी, चुलीमागच्या फळीवर धूळ खाऊन जाड झालेला तो मेणचट थर.

या शब्दाची जन्मकथा मोठी गमतीची आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात माल्डन नावाचं शहर आहे. तिथल्या ए. एफ. करन कंपनीने १९३२ मध्ये एका दाट, पातळसर साबणाला 'गंक' हे नाव घेतलं. यंत्रांवरचा तेलकट मळ काढायचा तो साबण. पुढे लोक त्या मळालाच गंक म्हणू लागले! आपणही कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, कुठल्याही टूथपेस्टला कोलगेट. पण तिथे निदान वस्तू तीच राहते. इथे खराट्याचं नाव कचऱ्याला पडलं. ऐकायलाही शब्द जरा चिकटच वाटतो, म्हणून रुळला असावा, असं आपलं मला वाटतं.

आता मशीनकडे येऊ. सुईखालची पट्टी स्क्रू काढून उचला. दातांच्या फटीत, बॉबिनच्या घराभोवती काळपट लगदा दिसेल. कापडाचा भुसा आणि जुनं तेल मिळून तो होतो. आणि खरं सांगा, घाईत कुणी खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल घातलं होतं ना? खाण्याचं तेल हवेने घट्ट होतं, डिंकासारखं धरतं. जुन्या ब्रशने भुसा काढा, रॉकेलचे दोन थेंब टाकून चाक हाताने फिरवा, फडक्याने पुसा. कोरडं झालं की शिलाई मशीनचंच तेल घाला, तेही थेंबभर. पहिली शिलाई मात्र चिंधीवर मारा, नाहीतर डाग गणवेशावर पडेल.